नाकाला सुई टोचण्याआधी

नाकाच्या दांड्यावरचा जरासा उंचवटा घालवायचा, शेंडा थोडा उचलायचा. एवढ्यासाठी ऑपरेशन कशाला, इंजेक्शन आहेच की! लग्न ठरले की कोल्हापुरातल्या मुलामुलींच्याही मनात हा विचार येतो. त्यांनी आधी पुण्याची एक जुनी हकीकत वाचावी.

कावसजी हा इंग्रज फौजेतला मराठा गाडीवान. 1792च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र त्याने तशीच जोडलेली ठेवली. जखमेवर भिजवलेल्या काताची फडकी ठेवली. कातडीची ती जोडपट्टी तोडली सुमारे पंचविसाव्या दिवशी. ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत चित्रासह छापली आणि 1814मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तीच शस्त्रक्रिया केली. मूळ कारागिराचे नाव त्या वृत्तांतात नाही, याची मला फार खंत वाटते.

भुवयांमधल्या त्या पट्टीतून जाणारी रक्तवाहिनी डोळ्याच्या मुख्य धमनीची शाखा आहे. म्हणूनच कातडी जगली. कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णांवर आजही कपाळाची कातडी याच आधारावर वळवतात.

धोकाही तिथेच आहे. इंजेक्शनने नाकात भरायचे फिलर बहुधा हायलुरोनिक आम्लाचे असते. ते उंचवट्याच्या वरखाली भरून रेषा सरळ दाखवते. नाक लहान करत नाही. परिणाम काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष टिकतो. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर ते फिलर दाबाने उलटे डोळ्याच्या धमनीपर्यंत पोचू शकते. कातडी काळी पडते, क्वचित दृष्टी कायमची जाते.

हाड घासणे, शेंड्याची कूर्चा आकारात आणणे, वाकडा पडदा सरळ करून श्वास मोकळा करणे हे शस्त्रक्रियेनेच होते. तिलाही भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्गाचे धोके आहेत. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकते. आपल्याकडच्या जाड कातडीत शेंड्याचा बारीक फरक उशिरा दिसतो. लग्नाच्या महिनाभर आधी करायचे हे काम नव्हे. नाकाला लावायचे चिमटे आणि व्यायाम यांनी मोठ्या माणसाचे नाक बदलत नाही. आणि निर्णय सेल्फीवरून तर मुळीच घेऊ नये: हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक असते त्याहून रुंद दिसते.

ब्यूटी पार्लरमध्ये नाकाला सुई लावून घेऊ नका. डॉक्टरांची पदवी पाहा, फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज हाताशी आहे का ते विचारा. नसेल तर सरळ उठून या. इंजेक्शननंतर धुरकट दिसले, असह्य दुखले किंवा कातडी पांढरी पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा.