हिपॅटायटिस बी विषाणूची प्रतिजने

हिपॅटायटिस बी हा यकृतशोथाचा प्रकार घडवून आणणाऱ्या विषाणूच्या ज्या प्रथिनांविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, त्यांना या विषाणूची प्रतिजने म्हणतात. पृष्ठ प्रतिजन, गाभा प्रतिजन आणि ई प्रतिजन ही त्यांतील प्रमुख होत. हा विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढत नसल्याने संशोधकांना अनेक वर्षे रुग्णांच्या व वाहकांच्या रक्तावरच अवलंबून राहावे लागले. रक्तरसातील असंख्य प्रथिनांतून विषाणूचे अंश वेगळे काढणे, ही या अभ्यासातील मुख्य अडचण होती.

शोध

बरुच ब्लुमबर्ग हे मुळात विषाणूच्या शोधात नव्हते. माणसामाणसांतील रक्तप्रथिनांचे आनुवंशिक भेद हा त्यांचा विषय होता. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तरसात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असणार, या अपेक्षेने ते व हार्वे ऑल्टर अ‍ॅगारच्या थरातील शेजारशेजारच्या खळग्यांत वेगवेगळे रक्तरस ठेवून पाहत. दोन्ही रस विसरण पावून जेथे एकत्र येतात, तेथे प्रतिजन व प्रतिपिंड जुळल्यास अवक्षेपाची रेषा उमटते. न्यूयॉर्कमधील एका हीमोफिलियाच्या रुग्णाच्या आणि एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तरसांमध्ये अशी रेषा दिसली. पूर्वी अभ्यासलेल्या लिपोप्रथिनांच्या रेषा मेददर्शक रंजकाने गडद होत. ही मात्र फिकट राहिली आणि प्रथिनदर्शक रंजकाने तांबडी झाली. हे ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. यकृतशोथाशी त्याचा संबंध त्यानंतर काही वर्षांत स्पष्ट झाला.

घनतेनुसार विलगीकरण

सीझियम क्लोराईडच्या द्रावणात रक्तरस अतिवेगाने फिरवला असता प्रत्येक कण आपल्या घनतेच्या पातळीवर स्थिरावतो. पृष्ठ प्रतिजनाचा मुख्य पट्टा सुमारे 1.20 ग्रॅम प्रति घन सेंमी. या पातळीवर मिळतो. साध्या प्रथिनांहून ही घनता कमी आहे, म्हणजे रंजकाने फारसा न दिसलेला मेद या कणांत असतोच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सुमारे 22 नॅनोमीटर व्यासाचे गोल कण आणि तेवढ्याच जाडीच्या नळ्या दिसतात. त्यांत डीएनए नसतो.

पूर्ण विषाणू 1970 मध्ये लंडनमध्ये डेव्हिड डेन व सहकाऱ्यांना दिसला. त्याचा व्यास सुमारे 42 नॅनोमीटर असून तो थोड्या अधिक घनतेच्या पातळीवर उतरतो. वाहकाच्या रक्तात रिकामे कण पूर्ण विषाणूंच्या हजारपट किंवा त्याहूनही अधिक असू शकतात.

गाभा व ई प्रतिजन

1971 मध्ये जून अल्मेडा व सहकाऱ्यांनी अपमार्जकाच्या साहाय्याने डेन कणांचे बाह्य आवरण काढले. आतील गाभ्याशी रुग्णांच्या रक्तातील निराळीच प्रतिपिंडे जुळली. हा गाभा आवरणात झाकलेला असल्यामुळे गाभा प्रतिजन रक्तात सहसा मोकळे सापडत नाही. त्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र सापडतात.

स्वीडनमध्ये 1972 मध्ये वर्णिलेले ई प्रतिजन याउलट रक्तरसात विरघळलेले असते. दोन्ही प्रतिजने एकाच जनुकापासून निर्माण होतात, पण घडी वेगळी पडल्यामुळे त्यांना ओळखणारी प्रतिपिंडे बहुतांशी भिन्न असतात. रक्तात ई प्रतिजन असणे हे सामान्यतः विषाणूच्या जोमदार वाढीचे लक्षण मानतात. तथापि काही उत्परिवर्तित विषाणू ते तयारच करीत नाहीत, म्हणून केवळ त्याच्या अभावावरून संसर्ग शमला असे म्हणता येत नाही.

पृष्ठ प्रथिनाची रचना

शुद्ध केलेले 22 नॅनोमीटरचे कण विघटित करून जेल विद्युत्संचरणाने तपासले असता सुमारे 24 व 27 किलोडाल्टनचे दोन मुख्य पट्टे मिळतात. दोहोंत 226 अ‍ॅमिनो अम्लांचे एकच प्रथिन असते. फरक शर्करासाखळीचा आहे. गंधकबंध तोडल्यास मात्र प्रतिपिंडांशी जुळण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. सर्व उपप्रकारांत समान असलेला ‘ए’ निर्धारक या बंधांनी टिकवलेल्या घडीवर अवलंबून असतो. ‘डी’ किंवा ‘वाय’ आणि ‘डब्ल्यू’ किंवा ‘आर’ या पर्यायी निर्धारकांवरून एडीडब्ल्यू, एवायडब्ल्यू इत्यादी उपप्रकार ओळखले जातात.

लसनिर्मिती

रिकामे कण प्रतिकारशक्ती निर्माण करू शकतात, पण त्यांच्यासोबत राहिलेला एखादा पूर्ण विषाणूही रोग देऊ शकतो. त्यामुळे मॉरिस हिलमन यांच्या गटाने वाहकांच्या रक्तद्रवातील कण वेगळे करून त्यांवर पेप्सिन, युरिया व फॉर्माल्डिहाइड यांची क्रमाने प्रक्रिया केली. या लशीला अमेरिकेत 1981 मध्ये परवाना मिळाला. 1986 पासून यीस्टमध्ये तयार केलेले पृष्ठ प्रतिजन वापरात आले व मानवी रक्ताची गरज उरली नाही. यीस्टमधील प्रथिनावर शर्करासाखळी नसते; ‘ए’ निर्धारक मात्र कायम राहतो.