यंत्राआधी संमतीपत्र

पुढच्या पिढीला एखादा नवा उद्योग काढून द्यावा, असा विचार घरात सुरू झाला की प्लास्टिकपासून इंधन बनविणाऱ्या यंत्राचे माहितीपत्रक हाती पडते. कच्चा माल म्हणजे कचरा आणि पक्का माल म्हणजे तेल. हिशेब मोठा मोहक दिसतो. परंतु त्या हिशेबात एक रकाना बहुधा रिकामा असतो, तो म्हणजे पर्यावरणविषयक परवानग्यांचा.

या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. यात प्लास्टिक जाळत नाहीत. बंद भट्टीत, प्राणवायू न देता, ते साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. निघणारी वाफ थंड केली की तेल मिळते. जो वायू द्रवरूप होत नाही, तो भट्टीसाठीच वापरता येतो. तळाशी काळा अवशेष साचतो. परवानगीचे बहुतेक प्रश्न याच तीन गोष्टींतून निर्माण होतात.

महाराष्ट्रात पहिली पायरी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांनुसार उभारणीपूर्वी स्थापना संमती आणि उत्पादनापूर्वी संचालन संमती घ्यावी लागते. जागा, क्षमता, कच्चा माल, धुराड्याची व्यवस्था हे सारे अर्जात नमूद करावयाचे असते. यंत्र आधी आणून मग अर्ज करणाऱ्याची अडचण येथेच होते. जागा अयोग्य ठरली अथवा वायुशुद्धीकरणाची जोड अपुरी निघाली, तर कर्जाचे व्याज चालू राहते आणि भट्टी मात्र थंड असते.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांपासून तेल चांगले मिळते. पीव्हीसी मिसळले तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्र गंजते आणि विषारी उत्सर्जनाचा धोका वाढतो. म्हणून वर्गीकरणावर केलेला खर्च वाया जात नाही.

तिसरा प्रश्न अवशेषाचा. तो घातक ठरत असल्यास २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि अधिकृत ठिकाणीच त्याची विल्हेवाट लावावी लागते. तेल ज्वालाग्राही असल्याने ठरावीक मर्यादेपलीकडील साठ्यास पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र वेगळे.

याखेरीज प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांखाली प्रक्रियादार म्हणून नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या प्लास्टिकचा पुनर्वापरासाठी उपयोग होऊ शकत नाही, तेच तेलनिर्मितीकडे पाठवावयाचे आहे. पुनर्प्रक्रियायोग्य माल भट्टीत घालण्याच्या गणितावर उद्योग उभा करू नये. प्रक्रिया केलेल्या मालाच्या प्रमाणपत्रांना बाजारात मूल्य असते, म्हणून नोंदीही चोख हव्यात; खोट्या माहितीबद्दल पर्यावरणीय भरपाई आकारली जाते.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. या यंत्राला आपल्याच राज्यात संचालन संमती मिळालेली आहे काय, आणि असल्यास तो कारखाना प्रत्यक्ष दाखवाल काय, हे विचारावे. तेथे जाऊन अवशेष कोठे जातो ते पाहावे आणि शेजाऱ्यांशी बोलावे. पर्यावरण सल्लागाराचे शुल्क व तपासणीचा खर्च भांडवलात आधीच धरावा. पेढीचे नाव उभे राहण्यास पिढ्या लागतात. संमतीसाठी काही महिने थांबणे त्या मानाने फार नाही.