त्रुटी आणि अल्फा-कण

उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ येथे काळभैरवाचे देवस्थान आहे. ज्या नगरीच्या रेखांशावरून भारतीय ज्योतिषी काळाची गणना करीत, तिच्या वेशीवर काळाच्या या अधिष्ठात्याचे ठाणे असावे, हे समर्पकच होय. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यात निमिषाचा तिसावा भाग तो तत्पर आणि तत्पराचा शतांश ती त्रुटी, अशी मापे दिली आहेत. त्यांच्या गणिताप्रमाणे अहोरात्राची ९ लक्ष ७२ हजार निमिषे होतात; म्हणजे त्रुटी ही सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकी सुमारे ३० भाग भरते. इतका सूक्ष्म काळ कोणत्या घटनेस लागू पडावा?

पूर्वी जत्रेत डोक्यावरून नेत त्या गॅसबत्तीची जाळी वाचकांनी आठवावी. तिच्यात थोरियम असे. त्याच्या अणुगर्भातून अल्फा-कण, म्हणजे दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचे घट्ट गाठोडे, बाहेर पडते. थोरियम निम्मे होण्यास सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात. परंतु त्याच्याच वंशात पुढे पोलोनियम-२१२ जन्मते, आणि त्याचे अर्धायुष्य त्रुटीच्याही शंभराव्या भागाएवढे आहे. थोरियमच्या अल्फा-कणाची ऊर्जा सुमारे ४० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पोलोनियमच्या कणाची ८८ लक्ष. ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक, आणि आयुष्यात मात्र एवढे अंतर! याचे कारण असे की, गर्भाभोवतीचा विद्युत्-बलाचा तट हा कण ओलांडीत नाही, तर त्यातून आरपार निसटतो. ऊर्जा थोडी वाढली की तट पातळ होतो व निसटण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. ही उपपत्ती १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी मांडली.

इतके अल्प आयुष्य मोजावयाचे कसे? बिस्मथ-२१२ मधून बीटा-कण सुटतो तो पोलोनियमचा जन्म. अल्फा-कण सुटतो तो त्याचा अंत. दोन्ही कण स्फुरणशील पदार्थावर आदळून प्रकाशाची क्षीण चमक देतात व तिचे विद्युत्-स्पंदात रूपांतर होते. पहिल्या स्पंदाने इलेक्ट्रॉनिक घड्याळ सुरू होते, दुसऱ्याने थांबते. अशी हजारो अंतरे टिपली की, किती काळात संख्या निम्मी होते ते कळते. मात्र द्रव्य फार तीव्र नसावे. अन्यथा एकाचा जन्म व दुसऱ्याचा मृत्यू यांची चुकीची जोडी जुळते.

प्रयोगशाळेत घडविलेल्या अतिजड मूलद्रव्यांची ओळखही अशाच काळगणनेने पटते. २९ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे बिस्मथवर लोहाच्या गर्भांचा मारा करून १०९ व्या मूलद्रव्याचा एकच अणू मिळाला. तो सिलिकॉनच्या शोधकात रुतला आणि ५ सहस्रांश सेकंदांनी त्याने १११ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा अल्फा-कण सोडला. त्याच जागी त्याच्या वंशजानेही अल्फा-कण सोडला, व त्यानंतर सुमारे १३ सेकंदांनी त्या वंशाचा शेवट विखंडनाने झाला. या क्रमावरूनच मूळ पुरुष कोण ते ठरले.

भास्कराचार्यांस हे ठाऊक होते, असे आम्ही म्हणत नाही. शिक्षकांनीही वर्गात तसे म्हणू नये. त्यांची त्रुटी भागाकाराने सिद्ध झाली होती. ती मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तथापि जो काळ मोजता येत नाही त्यासही निश्चित मान देता येते, हे त्यांनी जाणले होते. न केलेले शोध पूर्वजांच्या नावावर चढविल्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही. त्यांनी केलेल्या विचाराचे मोल विद्यार्थ्यांस नीट सांगितले, तरी पुष्कळ झाले.