बिनतिकिटाच्या गर्दीची दंतकथा

फुटबॉलचे चाहते परदेशातल्या सामन्याला गेले आणि तिथे काही विपरीत घडले, की दोष कोणाचा हे चौकशीआधीच ठरते: उशिरा आले, पिऊन आले, तिकीट नसताना घुसू पाहत होते. २८ मे २०२२ रोजी पॅरिसलगतच्या साँ-दनीत लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सुमारे ३६ मिनिटे लांबला, तेव्हा स्टेडियममधल्या फलकावर चाहते उशिरा आल्याचेच कारण झळकले. पाठोपाठ फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी ३० ते ४० हजार इंग्लिश चाहते बिनतिकिटाचे किंवा बनावट तिकिटांचे असल्याचे जाहीर केले. प्रवेशद्वारांवर पकडलेली बनावट तिकिटे युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, मोजली, ती भरली २,५८९. संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, पण बाकीचे हजारो गेले कुठे, याचा पुरावा कोणालाच देता आला नाही. स्टेडियमच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण वेळेत न मागितल्याने सात दिवसांनी आपोआप पुसले गेले होते!

प्रत्यक्षात घडले ते बरेच रुक्ष आहे. उपनगरी रेल्वेच्या एका मार्गावर संप होता, म्हणून लोंढा दुसऱ्या स्थानकावर उतरला. तिथली वाट महामार्गाच्या खालून जाते. त्या अरुंद जागेत पोलिसांच्या गाड्या उभ्या आणि त्यांच्यामधल्या फटीत तिकीट तपासणी. गर्दी इतकी तुंबली की तपासणी सोडून द्यावी लागली आणि सगळा भार फाटकांवर आला. बंद फाटकांपुढे खोळंबलेल्या माणसांवर अश्रुधूर आणि मिरचीचा फवारा सोडला गेला. त्यांत मुले होती, अपंग चाहते होते. परतीच्या वाटेवर दोन्ही संघांच्या चाहत्यांना स्थानिक टोळ्यांनी लुटले, कारण बंदोबस्ताचे लक्ष चाहते काय करतील यावर होते. चाहत्यांना काय होईल हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मधल्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी आयोजक युएफावर टाकली, पोलिसांनाही झोडपले आणि कोणी मेले नाही हेच नवल म्हटले. हिल्सबरो म्हणजे हुल्लडबाजी, हा फ्रेंच यंत्रणेचा समजही अहवालाने दाखवून दिला. वास्तविक हिल्सबरो स्टेडियममधल्या १९८९ च्या त्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे जीव गेले, आणि २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ज्यूरीने पोलिसांच्या चुकांवर बोट ठेवून चाहत्यांना निर्दोष ठरवले होते.

यावर कोणीही हेझेलचे नाव घेईल, आणि घ्यायलाच हवे. २९ मे १९८५ ला ब्रसेल्समधल्या त्या स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते शेजारच्या भागावर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली, बहुतेक युव्हेंटसचे इटालियन पाठीराखे. चाहत्यांपैकी १४ जणांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. हुल्लडबाजी ही कल्पना नव्हे. पण त्याच खटल्यात एक पोलीस अधिकारी आणि बेल्जियन फुटबॉल संघटनेचा एक पदाधिकारीही दोषी ठरले. स्टेडियम मोडकळीला आलेले होते, तटस्थ प्रेक्षकांसाठीच्या भागाची तिकिटे इटालियनांच्या हाती गेली होती आणि मध्ये होते ते तकलादू कुंपण आणि मोजके पोलीस. धावून जाणारे गुन्हेगार होतेच; त्यांच्या धावण्याने इतके बळी जावेत, ही सोय इतरांनी करून ठेवली होती.

मग पाहुण्या चाहत्यांना येऊच देऊ नये, हा उपाय सरकारांना फार आवडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये अथेन्समधल्या एईके विरुद्ध दिनामो झाग्रेब सामन्यासाठी तशी बंदी होती. तरी झाग्रेबची टोळी सीमा ओलांडून आदल्या रात्री स्टेडियमपाशी पोचली. हाणामारीत एईकेच्याच एका चाहत्याचा खून झाला. टोळीला सामना बघायचाच नव्हता, तेव्हा तिकिटाची अडचण तिला कसली? बंदी पाळली ती कुटुंबासह येणाऱ्यांनी. २००० साली इस्तंबूलच्या तक्सिम भागात लीड्सच्या दोन चाहत्यांना भोसकून मारले, तेही सामन्याच्या आदल्या रात्री, स्टेडियमच्या फाटकांपासून दूर. फाटकावर कितीही फौज उभी करा, ती तिथे पोचत नाही. तिथे लागतात परक्या माणसाला हटकण्याऐवजी वाट दाखवणारे, त्याच्यावर कोणाची नजर आहे हे आधी हेरणारे पोलीस.