स्कॅनरचं कनेक्शन कोण तोडतंय?

सकाळी ९:००
भिवंडीतलं एक गोदाम. सुपरवायझर दारातच सांगतात, "साहेब, वायफायच्या कांड्या फुल्ल आहेत, तरी शेवटच्या रांगेत स्कॅनर सारखा डिस्कनेक्ट होतो." आधी मालकांकडून हवेतल्या फ्रेम्स पकडायची लेखी परवानगी घेतो. तिच्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.

९:३०
लिनक्सवर वायफाय ॲडाप्टर मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतल्या सगळ्या फ्रेम्स ऐकायच्या मोडमध्ये टाकतो आणि त्या पकडून दाखवणारं वायरशार्क सुरू करतो. ॲडाप्टरला एका वेळी एकच चॅनल ऐकू येतं. म्हणून स्कॅनर ज्या ६ नंबरच्या चॅनलवर आहेत, तिथेच त्याला बसवतो. फिल्टर फक्त मॅनेजमेंट फ्रेम्सचा. कोण जोडलं गेलं, कुणाला कुणी हाकललं, हे त्यात कळतं. कुणाचा डेटा पकडायची गरज पडत नाही.

१०:१५
स्क्रीन बीकननी, म्हणजे ॲक्सेस पॉइंटच्या 'मी इथे आहे' सांगणाऱ्या फ्रेम्सनी भरून गेलीय. ॲक्सेस पॉइंट दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन सोडतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा. एक उघडून पाहतो. सुरक्षेच्या भागात मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शनचे दोन बिट आहेत, दोन्ही शून्य, म्हणजे संरक्षण बंद. वहीत टिपतो आणि बीकन गाळून टाकतो.

११:४०
सापडलं. स्कॅनर डिस्कनेक्ट होतो त्याच क्षणी सबटाइप १२ च्या, म्हणजे डीऑथच्या (कनेक्शन तोडायला सांगणाऱ्या) फ्रेम्स ओळीने येतात. कारण क्रमांक ७: जोडलेलं नसलेलं उपकरण डेटा पाठवतंय. पण स्कॅनर तर क्षणापूर्वीपर्यंत नीट जोडलेला होता! पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्याच ॲक्सेस पॉइंटचा, सिग्नल मात्र जुळत नाही. बीकन उणे ७१ डीबीएम, डीऑथ उणे ४३. बीकनचे सीक्वेन्स नंबर २२१४, २२१५ असे चढत जातात आणि मध्येच डीऑथचा ३८ येतो. दुसरंच कुणीतरी आपल्या ॲक्सेस पॉइंटच्या नावाने बोलतंय.

दुपारी १:००
डबा उरकून लॅपटॉप घेऊन मागच्या भिंतीकडे चालत जातो. तिथे डीऑथचा सिग्नल उणे ३६. भिंतीपलीकडे शेजारचं गोदाम.

२:३०
शेजारच्या आयटीवाल्यांना कॅप्चर दाखवतो. त्यांच्या नव्या सुरक्षा यंत्रणेत अनोळखी ॲक्सेस पॉइंटवरची उपकरणं तोडण्याची सोय चालू होती. ते ती बंद करतात आणि डीऑथ थांबतात. हा प्रकार किरकोळ समजू नये. अमेरिकेत नॅशव्हिलच्या हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच तोडल्याबद्दल २०१४ मध्ये मॅरियटला ६ लाख डॉलर दंड भरावा लागला.

४:००
आता कायमचा इलाज. मॅनेजमेंट फ्रेम्सना संरक्षण देणारं ८०२.११डब्ल्यू हे मानक २००९ मध्येच आलं. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचं झालं. इथे जुने स्कॅनरही आहेत, म्हणून ॲक्सेस पॉइंटवर ते 'ऐच्छिक' ठेवतो. मग प्रत्येक स्कॅनर पुन्हा जोडून त्याची असोसिएशन रिक्वेस्ट तपासतो. नव्या स्कॅनरमध्ये संरक्षणाचा बिट १ दिसतो. त्यांना आता खोटी डीऑथ तोडू शकणार नाही. जुन्यांमध्ये तो ० आहे. त्यांची वेगळी यादी करतो.

सायंकाळी ५:३०
अहवालासोबत कॅप्चर फाइल आणि जुन्या स्कॅनरची यादी देतो. मालकांना एकच सांगणं: वायफाय तुटतंय म्हणून नवा राउटर आणण्याआधी हवेतल्या फ्रेम्स तपासून घ्या. आणि पुढचा स्कॅनर घेताना, त्याला मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन आहे का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.