ट्रान्समीटर पुण्याला, मग रिसीव्हर दौंडला का?

गडचिरोलीत मोबाइल टॉवरची जागा ठरवताना वनजमीन, वीज आणि सुरक्षा हे मुद्दे हमखास निघतात. त्या भागात काही टॉवर थेट पोलीस कॅम्पच्या आवारात आहेत, ते त्यामुळेच. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारही जागेच्याच प्रश्नात अडकलं होतं. फक्त त्यांना पलीकडच्या गावाशी नाही, लंडनशी बोलायचं होतं.

समुद्राखालच्या तारा युद्धात शत्रू कापेल, ही धास्ती होती. म्हणून १९११ च्या इंपीरियल कॉन्फरन्समध्ये वायरलेस केंद्रांची साखळी ठरली आणि १९१२ च्या मार्कोनी करारात भारतातलं केंद्र पुण्याला धरलं गेलं. पण मंत्र्यांच्या शेअर खरेदीवरून लंडनमध्ये गदारोळ झाला, चौकशी समिती बसली, मग महायुद्ध. योजना बारगळली. युद्धानंतर पुन्हा समिती!

माझ्या मते हा उशीर पथ्यावरच पडला. जुन्या योजनेत तरंगलांबी हजारो मीटर, त्यामुळे अवाढव्य एरियल, प्रचंड वीज आणि वाटेत टप्पे. १९२४ पर्यंत मार्कोनीची शॉर्टवेव्ह ‘बीम’ पद्धत आली. भारतासाठी तरंगलांबी सुमारे १६ आणि ३४ मीटर. पडद्यासारख्या टांगलेल्या तारा सगळी ऊर्जा एकाच दिशेला फेकतात. हा पडदा फिरवता येत नाही, म्हणजे आधी लंडनची दिशा, मग सातबारा.

आणि जागा एक नाही, दोन लागल्या. खडकीजवळ दापोडीला ट्रान्समीटर, रिसीव्हर रेल्वेनं साधारण ७५ किलोमीटरवर दौंडला. सात हजारांवर किलोमीटर पार करून आलेला सिग्नल अगदी क्षीण असतो. तो ट्रान्समीटरशेजारी पकडणं म्हणजे डीजेच्या भिंतीला टेकून कुजबुज ऐकणं. पाठवणं आणि ऐकणं एकाच वेळी चालायला हवं, म्हणून ही फारकत. इंग्लंडमध्येही तेच केलं: ग्रिम्सबीहून पाठवायचं, स्केगनेसला ऐकायचं.

आजच्या टॉवरवर हे काम डुप्लेक्सर नावाचा फिल्टर करतो, त्यामुळे भामरागडला दोन जागा शोधाव्या लागत नाहीत. तिथली अडचण वेगळी: डोंगर आड आला की मायक्रोवेव्ह लिंक मिळत नाही, मग सॅटेलाइटचा आधार घ्यावा लागतो.

१९२७ मध्ये पुणे-लंडन सेवा सुरू झाली. केबलपेक्षा स्वस्त असल्यानं केबल कंपन्यांचा धंदा बसू लागला आणि १९३२ मध्ये भारतात दोन्ही सेवा एकाच कंपनीत आल्या. १९४७ मध्ये ती सरकारनं घेतली. तीच पुढे १९८६ मध्ये व्हीएसएनएल झाली, म्हणजे आपल्याला पहिलं इंटरनेट देणारी कंपनी.