सरासरीकडे परतणारा भाव

भाव चढतो, उतरतो आणि बहुधा पुन्हा आपल्या पातळीवर येतो, हे व्यापारी कुटुंबात वाढलेल्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. एखाद्या सौद्यास गुळाची आवक अकस्मात वाढली की भाव पडतो. माल तोच, खप तोच. त्या दिवशी विकणारे अधिक व घेणारे थोडे, एवढेच. ज्याच्या पेढीत रोकड शिल्लक असते तो अशा वेळी माल उचलतो आणि आवक ओसरताच मोकळा होतो. शेअरबाजारातील एक्स्चेंज-ट्रेडेड फंड, अर्थात ई. टी. एफ., यांच्या व्यवहारात हेच तत्त्व नियमबद्ध करण्यात आले आहे. तरुण पिढीचे लक्ष इकडे वळत असल्याने त्याचे गुणदोष येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या फंडाचे मूळ व्यापाऱ्याच्याच गोदामात आहे. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमधील नेथन मोस्ट हे पूर्वी वनस्पती तेलाच्या व्यापारात वावरलेले गृहस्थ. माल गोदामातच राहतो आणि पावती मात्र हातोहात विकली जाते, या परिचित रीतीवरून शेअर्सचा गठ्ठा एकत्र ठेवून त्याची पावती विकण्याची कल्पना त्यांना सुचली. त्यातूनच जानेवारी १९९३ मध्ये ‘स्पायडर’ या नावाने ओळखला जाणारा फंड अमेरिकेत सुरू झाला. भारतातील पहिला फंड ‘निफ्टी बीज’ डिसेंबर २००१ मध्ये निघाला. एकट्या कंपनीचे दिवाळे निघू शकते. पन्नास कंपन्यांचे गाठोडे सहसा बुडत नाही. म्हणून घसरलेला भाव परतण्याची अपेक्षा येथे अधिक सयुक्तिक ठरते.

अल्पकाळात फार पडलेले शेअर पुढे काहीसे सावरतात, असे अमेरिकेतील भावांवरून नरसिंहन जेगदीश व ब्रूस लेहमन यांनी १९९० साली आपापल्या अभ्यासांत दाखवले. पुढे लॅरी कॉनर्स व सीझर अल्वारेझ यांनी २००८-०९ च्या सुमारास त्यावरून सुटसुटीत नियम प्रसिद्ध केले. त्यांतील एक असा : फंडाचा भाव गेल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असावा, म्हणजे मूळ कल तेजीचा आहे असे समजावे. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला ० ते १०० अंकांचा तेजी-मंदीदर्शक अंक केवळ दोन दिवसांच्या मुदतीने काढावा. तो १० किंवा ५ च्या खाली गेला की खरेदी करावी, आणि भाव पाच दिवसांच्या सरासरीवर बंद होताच विक्री करावी. व्यवहार बहुधा थोड्याच दिवसांत आटोपतो.

या नफ्याचे कारणही समजून घ्यावे. घाबरून विकणाऱ्यास त्या क्षणी रोकड हवी असते. ती पुरवणाऱ्यास मोबदला मिळतो. मात्र पुरवठादार वाढले की मोबदला आटतो.

आता दुसरी बाजू. समजा, दहा व्यवहारांपैकी सातांत प्रत्येकी १ टक्का लाभ झाला व तिनांत प्रत्येकी २ टक्के तोटा झाला. तर हाती राहिला अवघा १ टक्का. त्यातूनच दलाली व कर जावयाचा. शेअरआधारित फंड बारा महिन्यांच्या आत विकल्यास, २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे. शिवाय ज्या फंडात उलाढाल थोडी, तेथे बाजारातील भाव व आतील मालाची खरी किंमत यांत अंतर पडते. सात वेळा जिंकल्याचा आनंद खतावणीत जमा होत नाही. जमा होते ती केवळ शिल्लक.

सर्वांत मोठा धोका असा की, कधीकधी सरासरीच खाली सरकते. १४ जानेवारी २०२० रोजी १२,३६२ वर बंद झालेला निफ्टी २३ मार्च रोजी ७,६१० वर आला. त्या एका दिवसातच तो सुमारे १३ टक्के कोसळला. २०० दिवसांचा नियम अशा वेळी नवी खरेदी थांबवतो खरा. परंतु घसरणीच्या आरंभीच घेतलेल्या मालास तो वाचवू शकत नाही. पडत्या भावात पुनःपुन्हा भर घालणारा मनुष्य तर नफ्याच्या शंभर चिठ्ठ्या एका आठवड्यात गमावू शकतो.

यास्तव आमचे सांगणे इतकेच. पेढीचे खेळते भांडवल, कर्जाऊ रक्कम व घरच्या अडीअडचणीची शिल्लक यांस या व्यवहाराचा स्पर्शही होऊ देऊ नये. प्रत्येक सौद्याची रक्कम आधी ठरवावी, वेगळी वही ठेवावी, आणि वर्षाअखेर खर्च-कर वजा जाता जे उरेल त्याची तुलना तोच फंड नुसता बाळगून मिळाले असते त्याच्याशी करावी. ही तुलना प्रतिकूल आली तर वही मिटण्यात कमीपणा नाही. भाव परत येण्याची वाट पाहता यावी, इतके बळ ज्याच्या गाठीशी आहे, त्यानेच पडत्या भावात हात घालावा.